मंद आचेचा कुकर आणि फ्रीझरमधला डबा

झाकण न उघडता, मंद उष्णतेवर सहा-आठ तास शिजणारे जेवण आदल्या दिवशीच लावून ठेवायचे, ही रीत विजेच्या कुकरपेक्षा पुष्कळ जुनी आहे. तिचे जुने आणि बारकाईचे नियम ज्यू धर्मशास्त्रात सापडतात. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारची रात्र पडेपर्यंत, म्हणजे शब्बाथच्या काळात, विस्तव पेटवणे आणि रांधणे निषिद्ध. शनिवारी गरम जेवायला मात्र मनाई नाही. ही अडचण भांडे ऊबेत ठेवून सोडवली गेली. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या ग्रंथात गरम भांडे कशात गुंडाळावे यावर एक अख्खा अध्याय आहे. कपडे, पारव्याची पिसे, लाकडाचा भुसा चालतो. शेण, मीठ, चुना, वाळू चालत नाही. असलेली उष्णता टिकवणे मान्य, तिच्यात भर घालणे अमान्य, असा हा भेद.

मध्ययुगीन युरोपात यातूनच ‘चोलंट’ हा पदार्थ रूढ झाला. तेराव्या शतकात व्हिएन्नाचे धर्मपंडित आयझॅक बेन मोझेस यांनी फ्रान्समधल्या आपल्या गुरूच्या घरी तो पाहिल्याची नोंद केली आहे. घेवड्याच्या वर्गातली कडधान्ये, सातू, मांस, कांदा आणि पुढे बटाटाही घालून भरलेले मडके पूर्व युरोपातल्या गावांत शुक्रवारी बेकरीच्या भट्टीत नेऊन ठेवत. भट्टी विझत जाई, तसतसे मडक्यातले अन्न रात्रभर शिजत राही. शब्बाथचा विसावा कोकणातल्या मराठी भाषक बेने इस्रायल समाजानेही पाळला. तेलाचा घाणा हा त्यांचा व्यवसाय आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून कुलाबा जिल्ह्यात त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत.

एकोणिसाव्या शतकात हीच युक्ती धर्माबाहेर पडली आणि तिचे कारण झाले इंधनाची बचत. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात आतून ऊबदार अस्तर लावलेली एक नॉर्वेजियन स्वयंपाकपेटी मांडली होती. उकळी आलेले भांडे तिच्यात ठेवायचे आणि झाकण लावून विसरून जायचे. तिचाच गरिबाघरचा अवतार म्हणजे सुक्या गवताने भरलेले खोके. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये कोळसा वाचवण्यासाठी त्याचा प्रचार झाला. भारतात कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधब मल्लिक यांनी १९१० मध्ये इकमिक कुकर तयार केला. तळाशी निखारे, वर एकावर एक डबे आणि वाफेवर शिजणारे भात, वरण, भाजी. लक्ष न देता जेवण तयार व्हावे, हा हेतू तिथेही होता.

वीज आणि मडके यांची सांगड घातली शिकागोच्या अर्व्हिंग नॅक्सन यांनी. हे अभियंते मूळचे नाखुमसोन; आडनाव त्यांनी पुढे बदलले. त्यांच्या आईने लिथुआनियातल्या विल्ना शहराजवळचे आपले बालपण आणि बेकरीच्या भट्टीतला चोलंट यांच्या आठवणी सांगितल्या होत्या. भट्टीची ती मंद, चहूबाजूंची उष्णता घरातल्या भांड्याला देता येईल, हा विचार त्यातून आला. १९३६ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४० मध्ये ते मिळाले. रचना साधी आहे : तापणारी तार भांड्याच्या तळापुरती न ठेवता त्याच्या बाजूंभोवती गुंडाळलेली. त्यामुळे अन्न तळाला लागत नाही, ढवळावे लागत नाही आणि घट्ट झाकणामुळे पाणी जवळजवळ आटत नाही. मांसातले चिवट तंतू अनेक तासांत विरघळून रस्सा दाट होतो. म्हणून स्वस्तातले, कठीण मांस या भांड्यात उत्तम लागते. ‘नॅक्सन बीनरी’ (‘बीन’ म्हणजे घेवडा) या नावाने हे यंत्र प्रामुख्याने छोट्या उपाहारगृहांत खपत राहिले. घरांत त्याला विशेष मागणी नव्हती.

१९७० मध्ये नॅक्सन यांनी आपला व्यवसाय कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीला विकला. कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या स्वयंपाकतज्ज्ञांनी घेवड्यापलीकडे मांस, सूप आणि रश्श्यांचे प्रयोग केले आणि १९७१ मध्ये ‘क्रॉक-पॉट’ या नावाने हे यंत्र बाजारात आले. पहिल्या वर्षी सुमारे २० लाख डॉलरची विक्री झाली. १९७५ मध्ये ती ९ कोटी ३० लाखांवर गेली. हे यश यंत्राचे कमी आणि काळाचे जास्त. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या किंवा ती शोधणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण १९७० मध्ये सुमारे ४३ टक्के होते, १९८० पर्यंत ते निम्म्याहून वर गेले. १९७३ च्या तेलसंकटानंतर विजेची बचत ही जाहिरातीची हुकमी गोष्ट ठरली; मंद आचेवरचा कुकर त्या काळच्या एखाद्या मोठ्या दिव्याइतकीच वीज खातो. १९७४ मध्ये आतले चिनीमातीचे भांडे सुटे करता येऊ लागले, तेव्हा ते धुण्याचा त्रास संपला. जाहिरातींत घरी परतणारी गृहिणी सुखी दिसे, पण सकाळी घाईत भाज्या चिरणारी तीच, हे जाहिरातीत येत नसे.

गोठवण्याचा इतिहास वेगळ्या वाटेने आला. क्लॅरेन्स बर्ड्‌झाय यांनी १९१२ नंतरच्या काही वर्षांत लॅब्राडोरमध्ये पाहिले, की कडाक्याच्या थंडीत झटकन गोठलेला मासा वितळल्यावर ताज्यासारखा लागतो. सावकाश गोठल्यास बर्फाचे मोठे स्फटिक पेशी फोडतात. झटपट गोठल्यास ते लहान राहतात. १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या स्प्रिंगफील्ड शहरात त्यांची गोठवलेली अन्नपाकिटे दुकानांत आली. घरात शीतपेटी नसलेली कुटुंबे गावातल्या सामायिक शीतगृहात खण भाड्याने घेत. दुसऱ्या महायुद्धानंतर घरगुती फ्रीझर आले, तसे हे खण मागे पडले. १९५४ च्या सुमारास स्वान्सन कंपनीचे तयार ताट लोकप्रिय झाले आणि फ्रीझरमधले जेवण नेहमीची गोष्ट बनली. एका दिवसात महिन्याचा स्वयंपाक करून ठेवण्याची पुस्तके १९८० च्या दशकात निघाली.

दोन्ही यंत्रे एकत्र येण्यामागे आकाराची अडचण होती. रायव्हलचे सुरुवातीचे भांडे साडेतीन क्वार्टचे, म्हणजे सव्वातीन लिटरच्या आसपास होते. पुढे भांडी मोठी होत गेली आणि कुटुंबे लहान. एकट्या माणसाला किंवा वृद्ध दांपत्याला सहा लिटर रस्सा संपत नाही. त्यामुळे एकदाच शिजवून वाटीवाटीने गोठवण्याची रीत पडली. मंद शिजलेले अन्न मऊ असते आणि पचायला हलके करता येते. आजारातून उठलेल्यांसाठी आणि बाळंतिणीसाठी आधीच भरून ठेवलेले डबे म्हणूनच उपयोगी पडतात. रश्श्यात बुडालेले मांस, डाळी, सूप चांगले गोठते. बटाट्याची चव आणि पोत बिघडतो, दूध-साय फुटते, म्हणून ती नंतर घालतात.

भारतात मात्र मंद आचेचा कुकर रुजला नाही. १९५९ च्या सुमारास इथे प्रेशर कुकर बनू लागले आणि इंधन वाचवण्याचे काम त्यांनी नेमक्या उलट्या मार्गाने, वेळ कमी करून, पुरे केले. मंद कुकरची भारतीय कृतींशी गाठ अमेरिकेत पडली : शिकागोच्या अनुपी सिंगला यांचे भारतीय पदार्थांवरचे इंग्रजी पुस्तक २०१० मध्ये निघाले. त्याच वर्षी कॅनडात दाबावर आणि मंद आचेवर, दोन्ही प्रकारे शिजवणारा इन्स्टंट पॉट आला.

या पद्धतीच्या मर्यादाही ठरलेल्या आहेत. राजमा मंद कुकरमध्ये टाकण्याआधी भिजवून, खळखळून उकळून घ्यावा लागतो. नाहीतर त्यातले विषारी द्रव्य मंद उष्णतेत टिकून राहते. शिजलेले अन्न उथळ डब्यांत दोन तासांच्या आत थंड करून उणे १८ अंशांना ठेवतात. गोठलेला गोळा थेट मंद कुकरमध्ये टाकू नये, असे अमेरिकी कृषी खाते सांगते : तो वितळेपर्यंत जंतूंना वाढायला पुरेसा वेळ मिळतो. डबा आदल्या रात्री फ्रीजमध्ये उतरवून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये वाफाळेपर्यंत तापवावा.