हुबळीचे ईदगाह मैदान : दीड एकर जागेचे राजकारण

गोमंतकीय वाचकाला हुबळी-धारवाड ही नावे अलीकडे प्रामुख्याने म्हादईच्या संदर्भात कानी पडतात. कळसा-भांडुराचे पाणी ज्यांच्या तहानेसाठी मागितले जाते, ती ही जुळी शहरे. कर्नाटकाच्या राजकारणात मात्र हुबळीची आणखी एक ओळख आहे. कित्तूर राणी चन्नम्मा चौकालगतच्या जेमतेम दीड एकर मोकळ्या जागेशी ती निगडित आहे.

१९५६ पर्यंत हा प्रदेश मुंबई राज्यात होता. कन्नड, उर्दू, मराठी आणि कोकणी बोलणारी कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिली. मातृभाषा मराठी असलेले द. रा. बेंद्रे धारवाडात कन्नडचे ज्ञानपीठ विजेते कवी झाले, हे एकच उदाहरण पुरे. सीमावादाची धग बेळगावइतकी येथे कधी पोचली नाही. ठिणगी पडली ती जागेच्या मालकीवरून.

१९२१ मध्ये हुबळी नगरपालिकेने ही जागा अंजुमन-ए-इस्लाम या संस्थेस वार्षिक एक रुपया भाड्याने ९९९ वर्षांसाठी दिली. ईद-उल-फित्र आणि बकरी ईद या दोन दिवशी तेथे नमाज होई. एरवी मैदान सर्वांचेच. संस्थेने तेथे व्यापारी इमारत बांधण्याचे काम हाती घेतले, तेव्हा नागरिक न्यायालयात गेले. जागा पालिकेची आहे, संस्थेला वर्षातून दोनदा नमाजपठणाची परवानगी आहे, कायम बांधकामाची नाही, असा निष्कर्ष १९९२ मध्ये उच्च न्यायालयानेही कायम ठेवला. संस्थेने सर्वोच्च न्यायालयात अपील केले आणि निकाल लांबला.

नेमका हाच काळ राज्यातील अस्थिरतेचा होता. एप्रिल १९८९ मध्ये एस. आर. बोम्मई यांचे सरकार बरखास्त झाले. त्यांचा मतदारसंघ हुबळी ग्रामीणच. ऑक्टोबर १९९० मध्ये जातीय दंगलींनंतर वीरेंद्र पाटील यांना पायउतार व्हावे लागले. पुढे एस. बंगारप्पा, मग नोव्हेंबर १९९२ पासून वीरप्पा मोईली. पाच वर्षांत दोन वेळा राष्ट्रपती राजवट आणि एकाच काँग्रेस पक्षाचे तीन मुख्यमंत्री. अशा सरकारला मैदानावरील वाद कठोरपणे हाताळणेही अवघड होते आणि सामोपचाराने मिटविणेही.

भाजपने या मैदानावर राष्ट्रध्वज फडकविण्याचा आग्रह धरला. मागणी मोठी चतुर होती. तिला विरोध करणारा आपोआप ध्वजाचा विरोधक ठरत असे. १५ ऑगस्ट १९९४ रोजी संचारबंदी असतानाही उमा भारती हुबळीत पोचल्या. जमाव आणि पोलीस समोरासमोर आले, गोळीबार झाला आणि त्यात नागरिकांचे प्राण गेले. चार महिन्यांनी झालेल्या विधानसभा निवडणुकीत १९८९ मध्ये अवघ्या ४ जागा जिंकलेला भाजप ४० जागांवर पोचला. हुबळी ग्रामीणमध्ये जगदीश शेट्टर यांनी बोम्मईंचे पुत्र बसवराज यांचा पराभव केला. ध्वज आंदोलनात अग्रभागी असलेले प्रल्हाद जोशी २००४ मध्ये खासदार झाले.

वाद शमला तो मात्र अनपेक्षितरीत्या सहज. १९९५ मध्ये, देवेगौडा सरकारच्या काळात, मध्यस्थीतून अंजुमन संस्थेनेच मैदानावर राष्ट्रध्वज फडकविला. हा मार्ग आधी का सापडला नाही, हा प्रश्न मृतांच्या घरच्यांनी विचारला तर त्याला उत्तर नाही.

प्रकरणाचे पडसाद पुढेही उमटत राहिले. ऑगस्ट २००४ मध्ये हुबळीच्या न्यायालयाने याच दंगलीच्या खटल्यात अजामीनपात्र वॉरंट काढल्यामुळे उमा भारतींना मध्य प्रदेशचे मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संस्थेचे अपील फेटाळले आणि मालकीचा प्रश्न निकाली निघाला.

मालकी ठरली, पण वापराचा प्रश्न उरला. एप्रिल २०२२ मध्ये समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून जुन्या हुबळीत पोलीस ठाण्यावर दगडफेक झाली. शंभरहून अधिक जणांना अटक झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महापालिकेने ईदगाह मैदानावर तीन दिवसांच्या गणेशोत्सवास परवानगी दिली. ३० ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंगळूरच्या चामराजपेठ ईदगाहाबाबत ‘जैसे थे’चा आदेश दिला. त्याच रात्री उच्च न्यायालयाने हुबळीतील परवानगी मात्र कायम ठेवली. चामराजपेठेत मालकीच वादग्रस्त आहे, हुबळीत ती महापालिकेची आहे, हा त्यातील फरक. त्या वेळी मुख्यमंत्री होते बसवराज बोम्मई, १९९४ च्या लाटेत हुबळीतच पराभूत झालेले आणि आता भाजपचे.

नोव्हेंबरात महापालिकेने याच मैदानावर टिपू जयंती आणि कनकदास जयंती या दोहोंनाही परवानगी दिली. जुन्या हुबळीच्या दगडफेकीचे खटले मागे घेण्याचा निर्णय पुढे सिद्धरामय्या सरकारने २०२४ मध्ये घेतला; मे २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला.