शिंदळ माकुडी

(फ्रेरिया इंडिका, कुल : अपोसायनेसी, जुन्या ग्रंथांत ॲस्क्लेपिएडेसी). महाराष्ट्रातील डोंगरकड्यांवर वाढणारी प्रदेशनिष्ठ, मांसल, बहुवर्षायू वनस्पती. खोड आडवे किंवा कपारीतून लोंबते. पाने पावसाळ्यात येतात व उन्हाळ्यापूर्वी गळतात. फुले पावसाळ्याच्या उत्तरार्धात. सुमारे 2 सेंमी., पंचकोनी ताऱ्यासारखी, गर्द तांबडी, त्यांवर पिवळी नक्षी. परागण माश्यांमार्फत. बियांना रेशमी केसांचा झुबका असून त्या वाऱ्याने पसरतात.

नामकरण : मुंबई इलाख्याचे वनाधिकारी एन. ए. डॅल्झेल यांनी जुन्नर परिसरातील नमुन्यावरून 1860च्या दशकात ही प्रजाती स्थापली व गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर (कार्यकाल 1862–67) यांचे नाव दिले. तिचे बहुतेक जवळचे नातेवाईक निष्पर्ण, हिला मात्र ठसठशीत पाने. या एका लक्षणावर स्वतंत्र प्रजाती शंभरेक वर्षे टिकली. 1958मध्ये रौली यांनी तिला कॅरालुमा प्रजातीत हलवले, 2002मध्ये मेव्ह व लीडे यांनी बाउसेरोसियात. मतभेद संपलेले नाहीत. संवर्धनाच्या याद्यांत जुनेच नाव आढळते, त्यामुळे दोन याद्या ताडताना हीच जाती दोनदा मोजली जाण्याचा धोका असतो.

आढळ : शिवनेरी, पुरंदर, वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वर परिसर, शिवथरघळ. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर तालुके पर्जन्यछायेतील माळरानांचे आहेत. उभा कातळ नसल्याने ती तेथे अपेक्षित नाही.

संवर्धनस्थिती : आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या 1978च्या वनस्पतींच्या ‘रेड डेटा बुक’मध्ये समावेश. त्या वेळी ठिकाणे मोजकीच माहीत होती. पुढे अनेक सापडली, म्हणून धोक्याची नेमकी श्रेणी वेगवेगळ्या याद्यांत सारखी नाही. ठिकाणे वाढली तरी प्रत्येक ठिकाणची झाडे थोडी, ही बाब अधिक महत्त्वाची. शेळ्यांची चराई, वणवे, दरडी व हौशी संग्राहक ही कारणे सांगितली जातात. पैकी दरडी सोडल्यास बाकी तिघांपासून खरे रक्षण दुर्गमतेनेच केले आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या सहाव्या अनुसूचीत दीर्घकाळ सहाच वनस्पती होत्या. त्यांत ही नव्हती. पुणे जिल्ह्यातील अभयारण्येही प्राणी पाहून आखलेली : बारामती तालुक्यातील सुप्याचे मयूरेश्वर (1997) चिंकाऱ्यासाठी. शिवनेरी संरक्षित स्मारक आहे. ते संरक्षण वास्तूचे.

लागवड : फाट्यापासून सहज रुजते. ऊतिसंवर्धनाचेही प्रयोग झाले आहेत. मात्र फाट्यांची रोपे मूळ झाडाच्या प्रतीच असल्याने बागांतील संख्येवरून कड्यावरील स्थिती ठरवता येत नाही.

उपयोग : शोभेसाठी.