ग्रॅनी चौकोनाचे पांघरूण

ग्रॅनी चौकोनाचे पांघरूण हे क्रोशाच्या सुईने विणलेले बहुरंगी पांघरूण होय. यातील प्रत्येक चौकोन मध्यबिंदूपासून बाहेरच्या दिशेने फेऱ्याफेऱ्यांनी विणला जातो आणि बहुधा प्रत्येक फेरीला लोकरीचा रंग बदलला जातो. असे अनेक लहान चौकोन एकमेकांना जोडून पांघरूण तयार करतात, किंवा एकच चौकोन हव्या त्या मापाचा होईपर्यंत वाढवत नेतात. तान्ह्या बाळासाठी भेट म्हणून हा प्रकार विशेष लोकप्रिय आहे. उरलेल्या लोकरीचा वापर, शिकण्यास सोपी वीण आणि रंगांची मोकळीक ही त्याची प्रमुख वैशिष्ट्ये आहेत. मात्र ज्या रचनेमुळे ही वीण आकर्षक ठरते, त्याच रचनेमुळे (खुली छिद्रे व धाग्यांची अनेक टोके) बाळासाठी ती वापरताना काही काळजी घ्यावी लागते.

नाव

इंग्रजी भाषेत 'ग्रॅनी' म्हणजे आजी आणि 'स्क्वेअर' म्हणजे चौकोन. घरातील वृद्ध स्त्रिया उरलेल्या लोकरीचे असे चौकोन विणून ठेवत व पुढे त्यांची पांघरुणे करत, यावरून हे नाव पडले असे सामान्यतः सांगितले जाते. अमेरिकेत विणलेल्या लोकरी पांघरुणाला 'अफगाण' असेही म्हणतात. हा शब्द अफगाणिस्तान या देशनामावरून आला असला तरी ग्रॅनी चौकोनाची वीण त्या देशातील नाही.

इतिहास

क्रोशे हा शब्द फ्रेंच भाषेतील असून त्याचा मूळ अर्थ 'लहान आकडा' असा आहे. क्रोशे हा शब्द आजच्या अर्थाने वापरणाऱ्या छापील सूचना १८२३ साली 'पेनेलोपे' या डच नियतकालिकात आढळतात. १८४० च्या दशकात एलेनॉर रिएगो दे ला ब्रांशार्दिएर यांच्या नमुना-पुस्तकांमुळे ही कला ब्रिटनमध्ये घरोघर पोहोचली. त्याच दशकात आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडून मोठा दुष्काळ पडला, तेव्हा क्रोशाची लेस विणणे हे तेथील अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचे साधन बनले.

बहुरंगी चौकोनाच्या सर्वांत जुन्या ज्ञात छापील नमुन्यांपैकी एक १८८५ साली 'प्रेअरी फार्मर' या अमेरिकी शेतकी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चिंध्या जोडून गोधडी करावी त्याप्रमाणे लोकरीचे उरलेले तुकडे उपयोगात आणणे हा या विणीमागील मूळ हेतू होता. एका फेरीला थोडाच धागा लागतो आणि फेरी संपताच रंग बदलता येतो, त्यामुळे इतर कशालाही न पुरणारा तुकडा येथे कामी येतो. १९६० व १९७० च्या दशकांत हस्तकलांविषयी नव्याने ओढ निर्माण झाली, तेव्हा हा चौकोन पांघरुणांबरोबरच अंगरखे, पिशव्या व टोप्यांवरही दिसू लागला.

रचना

ग्रॅनी चौकोनासाठी साखळी, खांब आणि सरक टाका हे तीनच टाके पुरतात. साखळी हा क्रोशाचा मूलभूत टाका आहे. सुईवर धाग्याचा एक वेढा घेऊन खांब विणला जातो. तो उंच टाका असून मुका खांब त्याहून बुटका असतो. सरक टाक्याला जवळजवळ उंची नसते आणि तो फेरीची दोन टोके जोडण्यासाठी वापरतात. परदेशी नमुने वाचताना मात्र घोटाळा होण्याचा संभव असतो. मराठीत ज्याला खांब म्हणतात त्याला अमेरिकी पद्धतीत 'डबल क्रोशे' आणि ब्रिटिश पद्धतीत 'ट्रेबल क्रोशे' म्हणतात. ब्रिटिश पद्धतीतील 'डबल क्रोशे' म्हणजे मुका खांब होय. नमुना कोणत्या पद्धतीचा आहे हे न पाहता विणल्यास माप व आकार दोन्ही बिघडतात.

तीन खांबांचा एक गट हे या विणीचे एकक आहे. हे गट खालच्या टाक्यांमध्ये न विणता दोन गटांमधील मोकळ्या जागेत विणले जातात. त्यामुळे वीण भरभर वाढते आणि नवशिक्यालाही सुई कोठे घालावी हे सहज कळते.

कृती

पहिली फेरी : चार साखळ्या घालून सरक टाक्याने त्यांचे वर्तुळ करावे. तीन साखळ्या घालाव्यात. त्या पहिला खांब म्हणून मोजल्या जातात. वर्तुळातच आणखी दोन खांब व दोन साखळ्या विणाव्यात. पुढे 'तीन खांब, दोन साखळ्या' हा क्रम तीन वेळा करून फेरी सरक टाक्याने जोडावी. या फेरीत चार गट व चार कोपरे तयार होतात.

दुसरी फेरी : नवा रंग कोणत्याही कोपऱ्याच्या जागेत जोडावा. प्रत्येक कोपऱ्यात 'तीन खांब, दोन साखळ्या, तीन खांब' विणावे आणि एका कोपऱ्यातून दुसऱ्याकडे जाताना एक साखळी घालावी.

तिसरी व पुढील फेऱ्या : प्रत्येक कोपऱ्यात वरीलप्रमाणे दोन गट आणि बाजूवरील प्रत्येक मोकळ्या जागेत एक गट विणावा. गटांच्या मध्ये एक साखळी घालावी.

एकच मोठा चौकोन विणताना सर्व फेऱ्या एकाच दिशेने विणल्यास तो हळूहळू तिरका होत जातो. हे टाळण्यासाठी प्रत्येक फेरीनंतर काम उलटे करून विरुद्ध दिशेने विणतात.

गणित

प्रत्येक फेरीत आधीच्या फेरीपेक्षा चार गट, म्हणजे १२ खांब अधिक लागतात. पहिल्या फेरीत १२, दुसऱ्या फेरीत २४, तिसऱ्या फेरीत ३६ असा हा क्रम आहे. त्यामुळे फेऱ्यांच्या संख्येला तिच्यापेक्षा एकने मोठ्या संख्येने गुणून सहापट केली असता एकूण खांब मिळतात. २० फेऱ्यांच्या चौकोनात २,५२० खांब असतात. त्यांपैकी पहिल्या दहा फेऱ्यांत केवळ ६६० आणि उरलेल्या दहा फेऱ्यांत १,८६० खांब येतात. म्हणून लहान तुकडे मध्यभागी वापरून बाहेरील फेऱ्यांसाठी भरपूर लोकर राखून ठेवणे आवश्यक असते. अन्यथा अखेरच्या फेऱ्यांत रंग अपुरा पडतो.

चौकोन सपाट राहण्यामागेही प्रमाण आहे. प्रत्येक फेरीमुळे चौकोनाची बाजू दोन खांबांच्या उंचीएवढी वाढते आणि त्याच बाजूवर एक गट व एक साखळी यांची भर पडते. ही दोन मापे साधारण सारखी असल्यास वीण सपाट बसते. खांब फार बुटके विणले गेल्यास कडेला झालरीसारख्या चुण्या पडतात, आणि फार उंच झाल्यास चौकोन वाटीसारखा खोलगट होतो.

साहित्य आणि माप

मध्यम जाडीची चार पदरी लोकर व सुमारे ४ मिलिमीटर जाडीची सुई ही जोडी या कामासाठी सोयीची असते. या मापाने एक फेरी सुमारे १.३ सेंटिमीटर उंच होते. त्यामुळे सुमारे ७५ सेंटिमीटर बाजूच्या बाळपांघरुणासाठी एकाच चौकोनाच्या अंदाजे २८ ते २९ फेऱ्या लागतात. पाच फेऱ्यांचे लहान चौकोन केल्यास प्रत्येक चौकोन सुमारे १३ सेंटिमीटरचा होतो आणि सहा गुणिले सहा अशा ३६ चौकोनांतून जवळजवळ तेवढेच पांघरूण तयार होते. प्रत्येकाचा हात घट्ट वा सैल असल्याने आधी एक चौकोन विणून माप पाहण्याची पद्धत आहे.

भारतात 'लोकर' या नावाने विकला जाणारा धागा पुष्कळदा कृत्रिम अ‍ॅक्रिलिकचा असतो. तो स्वस्त, हलका व धुण्यास सोपा असतो, परंतु घाम शोषत नाही आणि आगीजवळ वितळतो. मेंढीची लोकर उबदार असते, पण गरम पाण्यात घुसळल्यास आटून घट्ट होते आणि काही बाळांच्या त्वचेला टोचते. सुती धागा घाम शोषतो व उष्ण हवेत सोयीचा ठरतो. मात्र त्याचे पांघरूण वजनाला जड होते. एकाच पांघरुणात वेगवेगळ्या प्रकारचे धागे मिसळल्यास धुतल्यानंतर ते कमीअधिक आटून चौकोन वेडेवाकडे होतात. उरलेली लोकर वापरताना जाडीइतकेच धाग्याच्या प्रकाराकडे लक्ष द्यावे लागते, ते यामुळेच.

रंगयोजना आणि जोडणी

निरनिराळ्या तुकड्यांमधून एकसंधपणा आणण्यासाठी सर्व चौकोनांची शेवटची फेरी एकाच रंगात विणण्याची रूढी आहे. अमेरिकेतील जुन्या पांघरुणांत हा रंग पुष्कळदा काळा असतो. काळ्या कडेमुळे आतील रंग उठून दिसतात. बाळासाठी बहुधा पांढरी, मोतिया किंवा फिकट रंगाची कड निवडली जाते. महाराष्ट्रात बाळाच्या कपड्यांत एरवी काळा रंग टाळला जातो. मात्र संक्रांतीच्या सुमारास होणाऱ्या बोरन्हाणाला बाळाला काळे झबले घालतात.

चौकोन सुईदोऱ्याने शिवून, मुक्या खांबांची ओळ घालून किंवा शेवटची फेरी विणतानाच शेजारच्या चौकोनात अडकवून जोडता येतात. शिवण सपाट व मऊ राहते, तर मुक्या खांबांची ओळ उंचवट्यासारखी दिसते परंतु अधिक मजबूत असते.

रंगबदलाची खरी किंमत धाग्यांच्या टोकांत मोजावी लागते. प्रत्येक रंगाची सुरुवातीची व शेवटची अशी दोन टोके उरतात. प्रत्येक फेरीला रंग बदलला तर पाच फेऱ्यांच्या एका चौकोनात दहा, आणि ३६ चौकोनांत ३६० टोके होतात. एकाच मोठ्या चौकोनाच्या २८ फेऱ्यांत ती केवळ ५६ असतात. टोक किमान काही सेंटिमीटर लांब ठेवून, बोथट सुईने त्याच रंगाच्या टाक्यांतून एकदा एका व नंतर उलट दिशेने ओवून घेतात. नुसती गाठ मारून कापलेले टोक धुण्यात सुटण्याची शक्यता असते.

बाळाची सुरक्षितता

सुटलेले टोक हा केवळ दिसण्याचा दोष नाही. सैल धागा किंवा केस बाळाच्या हाताच्या वा पायाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊन रक्तपुरवठा बंद पडण्याचा प्रकार वैद्यकशास्त्रात नोंदलेला आहे. बाळ कारण नसताना सतत रडत असल्यास त्याची बोटे तपासावीत, असे म्हणूनच सांगितले जाते. बोटे अडकू नयेत यासाठी बाळपांघरुणाची वीण थोडी घट्ट ठेवतात, गटांमधील साखळी गाळतात किंवा मागील बाजूस मऊ सुती कापडाचे अस्तर लावतात. गोंडे, झालर, मणी व गुंड्या टाळल्या जातात.

अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेच्या शिफारशीनुसार एक वर्षापर्यंतच्या बाळाच्या झोपण्याच्या जागी सैल पांघरुणे, उशा व मऊ खेळणी ठेवू नयेत. त्यांनी नाकतोंड झाकले जाऊन गुदमरण्याचा धोका असतो. विणीला छिद्रे आहेत म्हणून पांघरूण तोंडावर आले तरी चालते, हा समज चुकीचा आहे. असे पांघरूण मांडीवर घेतलेल्या बाळाभोवती गुंडाळण्यासाठी, जागेपणी जमिनीवर अंथरण्यासाठी किंवा मोठ्यांची नजर असताना बाबागाडीत वापरणे योग्य मानले जाते.

निगा

वापरापूर्वी पांघरूण एकदा धुऊन घेतात. गडद रंगाची लोकर असल्यास तिचा रंग जातो का, हे ओल्या पांढऱ्या कापडाने आधीच तपासता येते. ओले पांघरूण दोरीवर टांगल्यास स्वतःच्या वजनाने ओढले जाऊन लांबट होते, म्हणून ते सपाट पसरून वाळवतात. प्रत्येक धुण्यानंतर टोके निघाली आहेत का, हे पाहणे आवश्यक आहे.

भारतातील क्रोशेकाम आणि श्रममूल्य

एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांमार्फत क्रोशे व लेसकाम भारताच्या अनेक भागांत पोहोचले. आंध्र प्रदेशातील नरसापूर हे त्याचे मोठे केंद्र बनले. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या 'द लेस मेकर्स ऑफ नरसापूर' या ग्रंथात तेथील विणकर स्त्रियांचा अभ्यास मांडला. जागतिक बाजारपेठेसाठी माल तयार करणाऱ्या या स्त्रियांना कामगार न मानता 'गृहिणी' समजले जात असल्याने त्यांच्या श्रमाचे मोल कमी लेखले जाते, असे प्रतिपादन त्यांनी केले.

हा प्रश्न आजही लागू आहे. साधे विणकाम यंत्रावर होते, परंतु खऱ्या क्रोशाचे व्यापारी उत्पादन करणारे यंत्र प्रचारात नाही. त्यामुळे बाजारात दिसणारा क्रोशाचा प्रत्येक चौकोन कोणीतरी हाताने विणलेला असतो. पाच फेऱ्यांच्या ३६ चौकोनांच्या पांघरुणात ६,४८० खांब असतात. जोडणी, कड व टोके ओवणे हे काम त्याव्यतिरिक्त असते. अत्यंत स्वस्त दरात विकल्या जाणाऱ्या क्रोशाच्या वस्तूंमागे विणणाऱ्याला किती मोबदला मिळाला असेल, याचा अंदाज या संख्येवरून करता येतो.

महाराष्ट्रात क्रोशाचे रुमाल व तोरणे परिचित आहेत. नवजात बाळाला दिल्या जाणाऱ्या बाळंतविड्यात झबली, टोपडी, कुंची व दुपटी यांच्या जोडीने हाताने विणलेल्या लोकरी वस्तूही असतात. सामूहिक क्रोशेकामाचे उल्लेखनीय उदाहरण चेन्नई येथील आहे. 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटाने ३१ जानेवारी २०१६ रोजी तेथे ११,१४८.५ चौरस मीटरचे क्रोशाचे पांघरूण मांडून गिनीज विश्वविक्रम नोंदवला.

लोकसंस्कृतीत

अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकांत ग्रॅनी चौकोनाचे पांघरूण सामान्य घराची खूण म्हणून वापरले जाते. १९८८ साली सुरू झालेल्या 'रोझॅन' या मालिकेतील सोफ्यावर असे पांघरूण कायम दिसते. 'द बिग बँग थिअरी' या मालिकेच्या नेपथ्यातही ते आढळते.

हेही पाहा

क्रोशे
विणकाम
गोधडी
लेस
बाळंतविडा