पंच ज्यूडा रूबेन



चिखलदऱ्याच्या या थंड हवेत बर्फावरच्या हॉकीने आरंभ केला तर आपण रागावणार नाही, अशी आशा आहे. मो रॉबर्ट्स नावाचा एक ज्यू गोलरक्षक १९२५ साली अमेरिकेतील बोस्टनच्या संघातून प्रथम खेळला. १९५१ साली तो शिकागोच्या संघाकडे खेळाडूंच्या मदतनिसाची नोकरी करीत होता. एका सामन्यात गोलरक्षक जखमी झाला आणि ४५ वर्षांचा हा नोकर शेवटच्या भागात गोलापुढे उभा राहिला. त्याने एकही गोल होऊ दिला नाही. एरवी गोलरक्षकाने अडविलेले चेंडू लोक विसरतात, सुटलेला तेवढा लक्षात ठेवतात.

आपल्याकडे बर्फावरची हॉकी नाही. पण क्रिकेटच्या पंचाचे नशीब असेच असते. म्हणून आज आम्ही मुंबईच्या ज्यूडा रूबेन यांच्याविषयी बोलणार आहोत.

रूबेन हे बेने इस्राएल समाजाचे. या समाजाचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालविले. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. दिवे गावचे ते दिवेकर, पेणचे ते पेणकर. घरची भाषा मराठी. आठवड्याची सुटी कायद्याने मिळविण्यासाठी कामगारांना केवढे झगडावे लागले! या गरीब घाणेवाल्यांनी ती धर्माज्ञा म्हणून शतकानुशतके पाळली, याचे आम्हांस फार कौतुक वाटते.

१९४८ नंतर यांतील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. तिथे विवाहाच्या बाबतीत त्यांच्या ज्यूपणाबद्दलच शंका घेतली गेली; त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले आणि १९६४ साली तेथील संसदेकडून आपले समान स्थान मान्य करून घेतले.

रूबेन मुंबईतच राहिले. ते मुंबई पोलिसांत बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ होते. हे शास्त्र आपल्याच देशात वाढले. १८९७ साली कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली आणि अझीझुल हक व हेमचंद्र बोस या हिंदी कर्मचाऱ्यांनी त्यात मोलाचे काम केले. ठसा पाहणाऱ्याने रेषा जुळतात की नाही एवढेच सांगायचे. माणूस चांगला की वाईट, हे त्याचे काम नव्हे.

१९६९ ते १९७७ या काळात रूबेन दहा कसोटी सामन्यांत पंच होते. तेव्हा दोन्ही पंच यजमान देशाचेच असत. त्रयस्थ देशाचा एक पंच प्रत्येक कसोटीत ठेवण्याची पद्धत १९९४ पासून आली. तोवर पाहुण्यांना पंच पक्षपाती वाटे, आणि घरच्यांना तो पुरेसा आपला वाटत नसे.

जानेवारी १९७७ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध तिसरी कसोटी चालू होती. आपण मालिकेत दोन सामने हरलो होतो. इंग्लंडचा जॉन लिव्हर गोलंदाजी करीत असता व्हॅसलीन लावलेली एक पट्टी सुटली. रूबेन यांनी ती पाहिली आणि तसे कळविले. घाम डोळ्यांत उतरू नये म्हणून पट्ट्या लावल्या, असे इंग्लंडचे म्हणणे. चेंडू चकाकविण्यासाठीच हे केले, असा आपला कर्णधार बिशनसिंग बेदी याचा आरोप. इंग्लंडच्या मंडळाने आपल्या खेळाडूंचा खुलासा मान्य केला. आपण तो सामना दोनशे धावांनी हरलो. वाद पुष्कळ झाला. पण पट्टी होती, हे कोणी नाकारू शकले नाही.

याचे मोल आम्हांस एका चौकशीत कळले. वऱ्हाडातील एका जिनिंग कारखान्यात पट्ट्यात सापडून एका मजुराचा हात गेला. आमचे तीन साक्षीदार होते. मालकाने जाळी मुद्दाम काढविली, असे दोघांनी सांगितले. तसे सांगा, हे आम्हीच त्यांना पढविले होते. तिसरा म्हातारा तेलवाला. “जाळी नव्हती. कोणी काढली ते मी पाहिलं नाही,” एवढेच तो म्हणाला. आम्ही त्याच्यावर संतापलो, फितूर म्हटले. उलटतपासणीत आमचे दोघे कोसळले. म्हाताऱ्याचे वाक्य टिकले, आणि त्या वाक्यावरच मजुराला भरपाई मिळाली. आम्ही म्हाताऱ्याची क्षमा मागितली, पण उशिरा.

रूबेन २००६ साली वारले. आज संशय आला की चित्रफीत उलटसुलट फिरवून पाहता येते. कारखान्याच्या चौकशीत ती सोय क्वचितच असते. तिथे अजून माणसाच्या डोळ्यांवर आणि जिभेवरच सारे अवलंबून आहे. म्हणून संघटनेत येणाऱ्या तरुणांना आमची विनंती आहे: मागणी कितीही मोठी करा, साक्ष मात्र पाहिले तेवढीच द्या.