घेरियाच्या खाडीतले आकडे

आमची हेदवी अंजनवेलचा गोपाळगड आणि जयगड यांच्या मधली. तटबुरूज मला नवे नाहीत. फेब्रुवारी १७५६मध्ये इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्हने तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग, त्यांच्या भाषेत ‘घेरिया’, घेतला. (साथ पेशव्यांचीच होती, हे अजून खुपतं.) त्या लढाईच्या तेव्हाच्या छापील नकाशांत मी तटाआधी पाणी बघतो. खाडीत विखुरलेले आकडे म्हणजे खोली, वावांत. एक वाव सहा फूट. तोफांचं जहाज तटाच्या किती जवळ नेता येईल, ते त्यावर ठरे. कारागीर हे सगळं तांब्याच्या पत्र्यावर उलटं कोरी, रेषांत शाई भरी, वरची पुसून ओलसर कागद दाबी. तांबं मऊ, छाप वाढले की बारीक आकडे आधी झिजत. म्हणून मी सुरुवातीचा, गडद छापच शोधतो.