एक वही, चाळीस यंत्रं

म्हैसूरहून बोलतोय. आजची गोष्ट इतिहासाची आहे, पण सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

लष्करातून निवृत्त झाल्यावर इथल्या एका शाळेतली चाळीस लिनक्स यंत्रं मी सांभाळायला घेतली. पहिल्याच वर्षी राऊटर बदलला. प्रत्येक यंत्रातली नेटवर्कची फाईल बदलायची होती. मी एकेका यंत्रापुढे बसलो. कंटाळा आला, तेव्हा अकराव्या यंत्राची फाईल पेनड्राइव्हवर घेतली आणि सदतिसाव्यावर टाकली. त्यातला आयपी पत्ता बदलायचा राहून गेला. एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडं! दुसऱ्या दिवशी ऑनलाइन परीक्षा होती. अकराव्यावर बसलेल्या मुलीचं कनेक्शन सारखं तुटत होतं. कारण सापडेपर्यंत तिचा अर्धा तास गेला. तो काही मी परत देऊ शकलो नाही.

मग मी वाचायला लागलो, की ही अडचण आधी कुणाला आली होती? उत्तर सापडलं अमेरिकेतल्या अर्पानेटमध्ये.

१९७०च्या दशकात त्या जाळ्यातल्या सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते एकाच फाईलमध्ये असत. तिचं नाव होस्ट्स डॉट टीएक्सटी. ती सांभाळायची स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधली एलिझाबेथ फाइनलर यांची तुकडी. नवं यंत्र आलं की त्यांना कळवायचं, त्या वहीत नोंद करणार आणि बाकीच्यांनी ताजी प्रत उतरवून घ्यायची. तुमच्या लिनक्समध्ये आजही 'इटीसी'च्या फोल्डरात 'होस्ट्स' नावाची फाईल असते. ती याच वहीची नात.

फौजेत आम्ही हेच करत होतो. पुस्तिकेत दुरुस्ती आली की चिठ्ठी चिकटवायची आणि पहिल्या पानावर क्रमांक लिहून सही करायची. एका तुकडीनं चिठ्ठी लावली नाही, की दोघांची पुस्तकं वेगळी आणि गोंधळ निश्चित.

यंत्रं वाढली तशी एक वही पुरेना. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस मांडलं. वहीची पानं वाटून टाकली. ज्याचं पान, त्यानंच सांभाळायचं. भारताचं पान, म्हणजे डॉट इन, बरीच वर्षं आपल्या मुंबईत होतं. जुहूच्या एनसीएसटी या संस्थेत, जिचे संस्थापक संचालक डॉ. एस. रमणी. ही संस्था अर्नेट या शैक्षणिक जाळ्यातली एक प्रमुख भागीदार होती. पुढे डॉट इनची जबाबदारी निक्सीकडे गेली आणि २००५ पासून नोंदणी सर्वांना खुली झाली.

पण डीएनएसनं नावांचा प्रश्न सुटला. प्रत्येक यंत्राच्या आतल्या फाईलींचं काय? १९९३ साली ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी सीएफइंजिन लिहिलं. त्यामागचा विचार मला फार आवडला. यंत्राला 'ही ओळ बदल' असा हुकूम द्यायचा नाही. 'तू अखेरीस असं दिसायला हवंस' एवढं सांगायचं. आधीच तसं असेल तर ते गप्प बसतं, नसेल तर स्वतःला सुधारतं. दहा वेळा सांगा, निकाल तोच. पुढे २००५ मध्ये पपेट आलं, २०१२ मध्ये अॅन्सिबल. अॅन्सिबलला त्या यंत्रावर वेगळा कारकून बसवावा लागत नाही. एसएसएच आणि पायथन असलं की बहुतेक काम भागतं.

मग सगळं सुटलं का? नाही. ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुक, व्हॉट्सअॅप सुमारे सहा तास बंद होते, आठवतंय? देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेनं त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारं जाळंच तुटलं. अशी आज्ञा अडवण्यासाठी तपासणीची व्यवस्था होती, पण तिच्यातच दोष निघाला. हातानं केलेली चूक एका यंत्राला भोवते. मध्यवर्ती वहीतली चूक सगळ्यांना एकदमच भोवते.

म्हणून शाळेत आता तीन नियम आहेत. सगळे पत्ते एकाच फाईलमध्ये, आणि ती गिटमध्ये, म्हणजे कुणी, कधी, काय बदललं ते दिसतं. ती फाईल एकच पत्ता दोनदा आढळला तर पुढेच जात नाही, अशी तपासणी लावली आहे. आणि कुठलाही बदल आधी दोन यंत्रांवर, तिथे दिवसभर नीट चालला तरच उरलेल्या अडतीसांवर. परीक्षेच्या आदल्या दिवशी तर काहीच बदलायचं नाही.

गिटमधल्या पहिल्या नोंदीत मी त्या दिवसाची तारीख लिहिली आहे आणि शेजारी 'यंत्र ११'. दुरुस्तीच्या चिठ्ठीवर सही करतात ना, तशी. पुढे माझ्या जागी जो कुणी येईल, त्याला कळायला हवं की हे नियम कशामुळे आले.