जुना डिजिटल कॅमेरा पारखून घेताना

नव्या कॅमेऱ्याची किंमत ऐकून मागे सरलेले हौशी छायाचित्रकार बरेचदा जुन्या कॅमेऱ्याकडे वळतात. मुंबईत कॅमेऱ्यांच्या दुकानांसाठी परिचित असलेला फोर्टमधील बोरा बाजार गाठला जातो, अन्यत्र ओळखीतून किंवा इंटरनेटवरील जाहिरातींतून व्यवहार होतात. विक्रेता सर्वप्रथम सांगतो तो शटर किती वेळा उघडले याचा आकडा. ग्राहकही त्यावरच भाव ठरवतो. परंतु आपल्याकडच्या, विशेषतः किनारपट्टीच्या हवेत त्याहून अधिक लक्ष द्यायला हवे ते ओलीकडे.

शटरचा आकडा निरुपयोगी आहे असे नाही. निकॉन डी-९० चे शटर १ लाख, तर कॅनन ५डी मार्क-२ चे दीड लाख छायाचित्रांसाठी तपासलेले असल्याचे उत्पादक सांगत. ही मर्यादा नव्हे, अंदाज आहे. निकॉनच्या मूळ छायाचित्राच्या फाइलमध्ये हा आकडा नोंदलेला असतो. कॅननच्या बहुतेक फाइलींत तो सापडत नाही. फाइलच्या नावातील क्रमांकावर मात्र मुळीच विसंबू नये. ९९९९ नंतर तो पुन्हा १ पासून सुरू होतो.

आता ओलीविषयी. सोबत लहान विजेरी न्यावी. लेन्सची दोन्ही झाकणे काढून, एका बाजूने तिरपा प्रकाश टाकून दुसऱ्या बाजूने आत पाहावे. निकॉनच्या जुन्या लेन्समध्ये मागची बारीक तरफ सरकवून पाती उघडावी लागतात. आत चार धुळीचे कण दिसले तर घाबरू नये, त्यांनी छायाचित्र बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी होय. ती वेळीच साफ करता येते. पण काचेवरील लेप एकदा खाल्ला गेला की तो परत येत नाही. दुधाळ धूसरपणाही तितकाच वाईट, कारण उजेडासमोरची छायाचित्रे त्यामुळे फिकट येतात. बॅटरीचा कप्पा उघडून पत्र्यांवर हिरवट थर आहे का, बॅटरी फुगली आहे का, तळाचे स्क्रू गंजले आहेत का, हे पाहावे. स्क्रूच्या खाचा खरवडलेल्या असतील, तर कॅमेरा कुणीतरी उघडलेला आहे.

सेन्सर तपासण्यासाठी एफ-२२ वर पांढऱ्या भिंतीचे, फोकस मुद्दाम बिघडवून, छायाचित्र घ्यावे. काळसर ठिपके ही धूळ; ती बहुधा साफ होते. २०१२ मध्ये आलेल्या निकॉन डी-६०० मध्ये हे ठिपके पुन्हा पुन्हा उमटत. अखेर २०१४ मध्ये कंपनीने शटर विनामूल्य बदलून देण्याची तयारी दाखवली. हे मॉडेल घेताना शटर बदलले होते का, हे अवश्य विचारावे. लेन्सवर झाकण ठेवून काही सेकंदांचे छायाचित्र घेतल्यास कायमचे चमकणारे बिंदूही कळतात.

गेल्या काही वर्षांत तरुणांमध्ये जुन्या, खिशात मावणाऱ्या सीसीडी कॅमेऱ्यांची आवड पुन्हा निर्माण झाली आहे. येथे अधिक सावध राहावे. सोनीने बनवलेल्या काही सीसीडींमध्ये उष्ण व दमट हवेत आतील जोडणी सुटून चित्र विस्कटते किंवा काळे येते, हे ऑक्टोबर २००५ मध्ये उघड झाले. त्या सीसीडी अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत होत्या. तेव्हा दुरुस्ती मोफत होती. आज तो सुटा भाग कुठून आणणार? आणखी एक अडचण कार्डाची. एसडीएचसी कार्डे २००६ मध्ये आली. त्याआधीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत २ जीबीपेक्षा मोठे कार्ड चालत नाही. कार्ड स्वतःचेच न्यावे, म्हणजे घेतलेली छायाचित्रे घरी संगणकावर मोठी करून पाहता येतील. भिंग बाहेर येताना करकर आवाज झाला, तर आत वाळू गेली आहे असे समजावे.

पावती मागण्यात संकोच नको. खोक्यावरील व कॅमेऱ्यावरील क्रमांक जुळतो का, ते पाहावे. क्रमांक खरवडलेला असेल तर वस्तू कितीही स्वस्त असली तरी परत करावी. व्यवहार झाल्यावर कॅमेरा चामडी पिशवीत घालून कपाटात ठेवू नये. हवाबंद डबा व सिलिका जेलच्या पुड्या त्याहून स्वस्त आणि उत्तम; पावसाळ्यात त्या पुड्या अधूनमधून बदलाव्यात.